निळ्या सावलीचा बैल

तीस वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, जाळपोळ असे पुष्कळ पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहे. पण एका तसबिरीच्या चोरीची फिर्याद मात्र शब्द न् शब्द आठवते, कारण तिच्यातले एक वाक्य खोटे होते आणि ते मी स्वतःच्या हाताने लिहून घेतले होते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. दुसरे महायुद्ध सुरू व्हायला अजून काही वर्षे होती. नांदगाव खंडेश्वरला उमेदवारी संपवून मी फौजदार म्हणून अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आलो. गावाचे नाव सांगत नाही आणि माणसांचीही सांगत नाही, कारण त्यांची मुले-नातवंडे आज तिथेच नांदत आहेत. मी पंचविशीचा होतो. कमरेचा पट्टा रोज सकाळी स्वतः चकचकीत करत होतो आणि आपल्याला माणसे कळतात अशी माझी पक्की समजूत होती.

ज्येष्ठ महिन्यात एका सकाळी गावातले नामांकित वकील ठाण्यावर आले. त्यांच्या दिवाणखान्यातून एक मोठी तसबीर नाहीशी झाली होती. चार दिवसांपूर्वी अकोल्याहून दौऱ्यावर आलेले एक गोरे साहेब त्यांच्याकडे चहाला आले होते. मागच्या भेटीत त्यांनी ती तसबीर फार वाखाणली होती. या खेपेला त्यांनी ती कुठे आहे म्हणून विचारले आणि वकिलांनी भिंतीकडे पाहिले, तर तिथे नुसता खिळा होता. घर धुंडाळून झाले. नोकरांना विचारून झाले. मग ते ठाण्यावर आले.

मी फिर्याद लिहायला घेतली.

"तसबीर कशाची?"

"बैलाची," वकील म्हणाले. "म्हणजे, बैल आहे असं म्हणतात. आमच्या नात्यातला एक मुलगा मुंबईला चित्रकला शिकला. आता तो तिकडेच ड्रॉइंग मास्तर आहे. चार वर्षांमागे सुट्टीत आला होता तेव्हा त्याने ती काढली आणि मला भेट दिली. नव्या विलायती पद्धतीची आहे. रेघ अशी कुठे नाहीच. जवळून पाहिलं तर सगळे रंगाचे डाग."

"कधी गेली असावी?"

"वैशाखात आम्ही सगळे मुंजीसाठी अमरावतीला गेलो होतो. दहा दिवस. तेव्हाच गेली असणार."

"घरात कोण होते?"

"घरात कोणी नव्हते."

मी लिहिले, 'घरात कोणी नव्हते.' पुढे वकिलांनी सही केली.

साध्या चोरीत वरिष्ठ सहसा लक्ष घालत नाहीत. इथे साहेबांनीच विचारणा केल्यामुळे अकोल्याहून रोज चौकशी येऊ लागली. मी सराईत चोर बोलावले, जुनेपाने विकणाऱ्यांची दुकाने पाहिली, स्टेशनावरच्या हमालांना विचारले. काही हाती लागले नाही. आठव्या दिवशी बैलांना नाल ठोकणारा एक माणूस ठाण्याच्या ओट्यावर येऊन बसला. तो खेडोपाडी फिरत असे आणि अधूनमधून आम्हाला खबर देत असे.

"साहेब, ते वकिलाची तसबीर म्हनता ना तुमी," तो म्हणाला, "ते मी पाह्यली. बार्शीटाकळीच्या अंगाले चार कोसावर एक खेडं हाय. तिथं एका कास्तकाराच्या कोठ्यात लटकून राहिली. वरतं तांबडं फडकं टाकेल हाय."

"कोठ्यात? जनावरांच्या?"

"हो न. म्या इचारलं, हे काय होय? त त्याची बायको म्हने, आमचा बैल होय."

दुपारी आम्ही तिथे पोहोचलो. बरोबर ठाण्याचे जमादार होते. बाळापूरचे, मुसलमान रंगाऱ्याच्या घरचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. घर मातीचे, सारवलेले, नीटनेटके. मागे कोठा. एका बैलाची गव्हाण भरलेली होती, तो कडबा खात होता. शेजारची गव्हाण रिकामी होती. तिच्या वरच्या भिंतीवर, पाणी लागणार नाही अशा बेताने, तसबीर टांगलेली होती. तिच्यावर देवाच्या पडद्यासारखे तांबडे फडके सोडलेले होते आणि चौकटीला हळद-कुंकू लावलेले होते.

घरधनी पन्नाशीचा होता. काळ्या जमिनीचे दहा-बारा एकर वावर स्वतः वाहणारा, उंच, कमी बोलणारा. त्याने काही लपवायचा प्रयत्न केला नाही. पंचनामा करताना जमादारांनी मला विचारले, "साहेब, तसबिरीचं वर्नन काय लिहू?" मी वाकून पाहिले. निळे, जांभळे, पिवळे, मातकट असे ठसे होते. मी म्हणालो, "लिहा, एक तसबीर, तीवर निरनिराळ्या रंगांचे डाग." पुढची ओळ, 'तांबडे जुने फडके, एक.' पंचांचे अंगठे घेतले आणि त्या माणसाला घेऊन तालुक्याला निघालो. त्याची बायको दारापर्यंत आली. ती रडली नाही. तिने फक्त विचारले, "तसबीर नेता त नेता, याले कावून नेता?"

ठाण्यावर आल्यावर मी चौकशीला बसलो. पुढे तसबीर, तिच्यापलीकडे तो जमिनीवर.

"कुठून आणलीस?"

"आनली नाई. देल्ली मले."

"कोणी दिली?"

"ते नाई सांगत."

"मग चोरली असं लिहितो."

"चोरली नाई साहेब."

"वकिलांच्या घरी तुझं जाणं-येणं आहे?"

"हाव. बाजाराच्या दिवशी त्यायच्या गाईले कडबा नेऊन टाकतो."

एवढे मला पुरेसे वाटले. घराची माहिती असलेला माणूस, बंद घर, आणि माल त्याच्या कोठ्यात. उरला होता फक्त कबुलीजबाब. मी तोच प्रश्न पंधरा वेळा विचारला आणि पंधरा वेळा तेच उत्तर आले. सोळाव्या वेळी माझा हात उठला. एकच थप्पड होती. त्याने गालाला हातही लावला नाही. नुसते माझ्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात राग नव्हता. आपण ज्याला शहाणे समजत होतो तो तसा नाही हे कळल्यावर माणूस जसे पाहतो, तसे ते पाहणे होते. जमादार उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर नेऊन दोन दिवसांचा रिमांड घेतला. नंतर मी पुन्हा बसलो, पण या वेळी वेगळ्या तऱ्हेने विचारायचे ठरवले. तो खोटे बोलतो हे त्याच्याच तोंडून सिद्ध करावे, असा माझा विचार होता.

"तुझ्या बायकोने सांगितलं हा तुमचा बैल आहे. दाखव मला बैल. मला तर नुसते डाग दिसतात."

"तुमी लय जवळ बसले साहेब. तिकडं दरवाज्यापाशी जाऊन पाहा."

एका आरोपीच्या सांगण्यावरून मी खुर्चीतून उठून दारापाशी गेलो. मागे वळून पाहिले आणि क्षणभर तसाच उभा राहिलो. ते सगळे ठसे एकत्र आले होते. शेताच्या धुऱ्यावरचे बाभळीचे झाड होते, झाडाखाली थोडी सावली, मागे उभी ज्वारी, आणि पुढे एक पांढरा बैल मान किंचित वळवून उभा होता. त्याच्या पाठीवर सकाळचे ऊन पडले होते. इतके, की हात लावला तर ऊब लागेल असे वाटले.

मी हार न मानता म्हणालो, "पण याचा रंग निळा-जांभळा आहे. निळा बैल कुठे असतो?"

"गुलब्या पांढरा सफेत होता," तो म्हणाला. "पन सकायच्या उन्हात पांढरा बैल सावलीच्या अंगानं निळाच दिसते. तुमी पाह्यलं नसन. आन त्याचा मांगचा पाय पाहा. उजवा. खूर टेकवून नाई राहिला. त्या साली खुरात बाभयीचा काटा मोडला होता त्याच्या. म्या काढला, जखम बी भरली, पन पाय अधर ठेवाची सवय पडून गेली त्याले. मास्तरनं ते बी काढलं. तासभर उन्हात बसून होते मास्तर. मी कासरा धरून उभा होतो."

"बैल कुठे आहे?"

"फागुनात ढोरायवर बुळकांडीची साथ आली. त्यात गेला."

तसबीर कोणी दिली हे मी पुन्हा विचारले. त्याने नकाराची मान हलवली.

त्या दिवशी मी घरी गेलो, पण मन लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या ओट्यावर चहा घेत होतो. समोरच्या विहिरीवर एक गाडीवान बैलांना पाणी पाजायला घेऊन आला होता. त्यांतला एक पांढरा होता. ऊन त्याच्या एका अंगावर पडले होते. मी त्याची दुसरी बाजू पाहिली आणि हातातला चहा तसाच राहिला. पोटाखालची, मांडीमागची सगळी सावली निळसर होती. जांभळी छटासुद्धा होती. मी खेड्यापाड्यांतून घोड्यावर हिंडणारा माणूस, आयुष्यात हजारो बैल पाहिले असतील. हे कधीच पाहिले नव्हते.

त्या माणसाने बैलाबद्दल खरे सांगितले होते. मग तो तसबिरीबद्दलही खरे सांगत असेल तर? बैल त्याचा होता म्हणून तसबीर त्याची ठरत नव्हती, हे मला कळत होते. पण विकण्यासाठी चोरणारा माणूस माल कोठ्यात टांगून त्याला हळद-कुंकू लावत नाही, हेही कळत होते. रिमांडचा एक दिवस उरला होता. नंतर मला चलान, म्हणजे आरोपपत्र, कोर्टात पाठवावे लागणार होते. शिक्षा होण्यासारखा पुरावा मीच गोळा केला होता. मृग तोंडावर होते. तो तुरुंगात गेला असता तर त्याचे वावर त्या वर्षी पडीक राहिले असते, कारण घरात दुसरे करणारे कोणी नव्हते.

तेवढ्यात मुद्देमालाची खोली तपासून जमादार बाहेर आले. त्यांच्या हातात ते तांबडे फडके होते.

"साहेब, एक बोलू? राग त नाही ना येनार?"

"बोला."

"आपन पंचनाम्यात फडकं लिहिलं. हे फडकं नोहे. माझ्या बापानं जिंदगीभर कपडा रंगवला. हा रंग मी वळखतो. हे आलवन हाय. तुमच्या बामनाच्या घरच्या विधवा बाया नेसतात ते. जुनं हाय, पन धून धून मऊ झालेलं, निगेनं वापरलेलं. कास्तकाराच्या घरी हे कुठून येईन?"

मी ते हातात घेतले. मी अमरावतीच्या ब्राह्मण शिक्षकाच्या घरी वाढलो. हे वस्त्र आमच्या घरात रोज दोरीवर वाळत पडलेले मी पाहिले होते. ते ओळखायला मला बाळापूरच्या रंगाऱ्याचा मुलगा लागला. मी जमादारांना म्हणालो, "जमादार, तुम्ही मला वाचवलंत." ते म्हणाले, "अभी कहाँ, साहेब. पह्यले वकिलाकडं चला."

वकील कोर्टात जायच्या तयारीत होते. मी त्यांना जागा पुन्हा पाहायची आहे असे सांगितले. दिवाणखान्याला रस्त्याकडे एक मोठी खिडकी होती आणि तसबिरीचा खिळा बरोबर तिच्यासमोर होता.

"वकीलसाहेब, तुम्ही अमरावतीला होतात तेव्हा घरात खरोखर कोणी नव्हतं?"

"नव्हतं म्हणून सांगितलं की. काकू होत्या फक्त. मुंजीला त्यांना कसं नेणार? पण त्या काय, माजघरात असतात."

मी फडक्याची घडी उलगडली. माजघराच्या दाराआड हालचाल झाली. मग आतून आवाज आला, "ते कुठे सापडलं?"

"काकू, तुम्ही आत जा. पोलीस आहेत," वकील म्हणाले.

मी दाराकडे वळून म्हणालो, "एका शेतकऱ्याच्या कोठ्यात, तसबिरीवर घातलेलं होतं. तो तीन दिवसांपासून आमच्या कोठडीत आहे. कोणी दिलं ते सांगत नाही. उद्या त्याचं चलान जाईल."

दार उघडले आणि साठीच्या पुढची एक लहानखुरी बाई बाहेर आली. डोक्यावरून पदर, अंगावर तसलेच तांबडे आलवण. परपुरुषांसमोर दिवाणखान्यात येण्याची ती बहुधा त्यांची पहिलीच वेळ असावी. त्यांनी दाराची चौकट धरली होती, पण आवाज स्थिर होता.

"त्याला आधी सोडा. चित्र मी दिलं त्याला."

"तुम्ही? काकू, मला विचारल्याशिवाय?"

"विचारायला हवं होतं. पण तू अमरावतीला होतास. आणि असतास तरी दिलं नसतंस. ते चित्र कशाचं होतं, सांग बरं."

"बैलाचं."

"कोणाच्या बैलाचं?"

वकिलांची नजर रिकाम्या खिळ्याकडे गेली.

"चार वर्षं होतं तुझ्या भिंतीवर. आपल्याकडे कडबा टाकतो ना, त्याच्या बैलाचं. दर बाजाराच्या दिवशी तो जाताना खिडकीशी उभा राहायचा. मी तुळशीला पाणी घालताना बघायची. आधी वाटलं, काय बघतो हा मेला घरात. मग एक दिवस विचारलं. तो म्हणाला, माय, तो माया गुलब्या होय. तेव्हापासून मीही रोज बघायला लागले. तुम्ही सगळे आपापल्या कामाला गेलात की मी माजघराच्या दारात उभी राहून बघायची. इथून फार छान दिसतो तो."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे लोक मुंजीला गेले होते त्या बाजारी तो आला, तेव्हा खिडकी बंद होती. बैल मेल्याला महिना-दीड महिना झाला होता. मला म्हणाला, माय, खिडकी खोलून देता का, येक डाव पाहून जातो. मी उघडली. तो बराच वेळ उभा होता. त्याची बायको त्या रिकाम्या गव्हाणीत अजून रोज कडबा टाकते आणि संध्याकाळी काढून घेते म्हणाला. मग मी स्टुलावर चढून चित्र खिळ्यावरून उतरवलं. वाटेत ऊन लागू नये म्हणून माझं जुनं आलवण गुंडाळलं. त्याला म्हटलं, कोणाजवळ बोलू नकोस हो, मला घरात बोलतील. एवढंच म्हटलं होतं. त्याने ते इतकं धरून ठेवलं असेल असं मला काय माहीत."

"आणि चित्र गेलं म्हणून घरात शोधाशोध झाली तेव्हा?" मी विचारले.

"तेव्हा भ्याले. खोटं नाही बोलत. महिनाभर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, मला वाटलं हेही विसरतील. माणूस पकडलाय हे मला आज कळतंय. आमच्यापर्यंत कोण आणतं असल्या बातम्या? चोरी म्हणायची असेल तर ती माझी आहे. लिहून घ्या. मला सही येत नाही, अंगठा देते."

वकील खिडकीशी जाऊन उभे राहिले होते. आता हे काय बोलतील याची मला धास्ती वाटत होती. माझ्या डोळ्यांपुढे त्या बाईंचे पुढचे दिवस येत होते. परावलंबी बाईला घरातल्या घरात किती शिक्षा करता येते, हे पोलिसाला सांगावे लागत नाही.

वकील वळले. त्यांचे डोळे ओले होते. "फौजदारसाहेब," ते म्हणाले, "आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मला यांनी वाढवलं. आणि मी तुम्हाला लिहून दिलं, घरात कोणी नव्हते. ते वाक्य आधी खोडा."

"फिर्यादीत खाडाखोड करता येत नाही. पुरवणी जबानी घेऊ शकतो."

"मग घ्या. लिहा, घरात माझी काकू होती. घरातल्या वडील माणसाने आपल्या हाताने दिलेली वस्तू आहे. देण्याचा त्यांना अधिकार होता. चोरी झालेली नाही. गैरसमजाने फिर्याद दिली."

मी लिहिले. इतकी चांगली जबानी मी पुन्हा कधी लिहिली नाही. काकू चौकटीला टेकून उभ्या होत्या. वकिलांनी सही केली तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "कोर्टाला उशीर होतोय तुला. जेवून जा."

ठाण्यावर येऊन मी कोठडी उघडायला लावली. सोडण्याचे कागद मॅजिस्ट्रेटकडून सही होऊन येईपर्यंत तो ओट्यावर बसला होता. मी त्याच्याशेजारी बसलो आणि पहिल्यांदाच त्याला तुम्ही म्हणालो.

"तुम्ही जा आता. सगळं उलगडलं."

"कोन सांगतलं?"

"काकूंनी. स्वतः बाहेर येऊन."

तो दचकला. "तिले तरास त नाई झाला न घरात?"

"नाही. वकिलांनी त्यांची बाजू घेतली."

त्याने मोठा श्वास सोडला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले. मी म्हणालो, "माझा हात उठला होता परवा. चूक झाली माझी."

"लागली त होती साहेब," तो म्हणाला. "पन तुमी दुसऱ्या दिवशी आल्यावर बैल कोनता हाय म्हून इचारलं. मग उठून दरवाज्यापावतर गेले. मले वाटलं, हा मानूस पाहाले तयार हाय. दुसरा असता त बसल्याबसल्या कागद करून मोकळा झाला असता."

त्याने ते माझे समाधान करण्यासाठी म्हटले नाही. तो तसा बोलणारा माणूस नव्हता. म्हणून ते माझ्या जवळ राहिले.

मॅजिस्ट्रेटने आठवड्याभरात तसबीर वकिलांच्या ताब्यात दिली. त्याच दुपारी वकिलांनी बैलांची दमणी जुंपायला सांगितली आणि काकूंना घेऊन ते त्या खेड्याला निघाले. मलाही बोलावले. मी आणि जमादार घोड्यांवरून मागोमाग गेलो. काकू गावाबाहेर किती वर्षांनी पडत होत्या कोण जाणे. वखरलेली काळी रानं त्या दमणीच्या मागून एकटक बघत होत्या. त्या शेतकऱ्याची बायको धावत आली आणि काकूंचे दोन्ही हात धरून उभी राहिली. शेवटी ती म्हणाली, "माय, ताक पेता का?" आणि काकू म्हणाल्या, "पिते की."

तसबीर पुन्हा त्याच जागी लागली. वकील जवळ उभे राहून पाहत होते. शेतकऱ्याने त्यांना हाताने मागे यायची खूण केली. ते एक एक पाऊल मागे येत अंगणाच्या कडेपर्यंत आले आणि थांबले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "खरंच की. पाय अधर आहे."

ड्रॉइंग मास्तरांना मी तपासात पत्र लिहिले होते. त्याचे उत्तर सगळे संपल्यावर आले. त्यात त्यांनी लिहिले होते की तो बैल त्या शेतकऱ्याचाच. चित्र पुरे झाल्यावर त्याने ते मागितले होते आणि दुसरे काढून देतो असा शब्द मास्तरांनी दिला होता, पण ते राहून गेले. मूळ चित्र त्याच्याकडे पोहोचले असेल तर कृपा करून परत घेऊ नये, अशी शेवटची ओळ होती. मी ते पत्र केसच्या कागदांना जोडले नाही. माझ्याजवळच ठेवले.

नव्या भरतीच्या मुलांना मी पुढे एवढेच सांगत असे, की फिर्यादीत 'कोणी नव्हते' असे आले की पेन खाली ठेवा आणि पुन्हा विचारा. स्वयंपाक करणारी, गोठा झाडणारा, ओसरीवरचा म्हातारा, यांना लोक माणसांत धरत नाहीत. बरेचदा ज्याने पाहिलेले असते तो त्यांच्यातलाच असतो. आणि गप्प बसणारा प्रत्येक माणूस स्वतःला वाचवण्यासाठी गप्प बसत नाही. या एका गोष्टीमुळे माझ्या हातून नंतर तरी निरपराध माणसांना त्रास झाला नाही, असे मी बऱ्यापैकी खात्रीने म्हणू शकतो.

घरच्यापुरतेही थोडे सांगायला हवे. त्या दिवाळीत मी रजेवर अमरावतीला गेलो. आमच्या घरी माझी आत्या होती. नवव्या वर्षी विधवा होऊन परत आलेली. माझे सगळे खाणेपिणे, आजारपणे तिने केली. ती चुलीपाशी बसली होती. मी पाट घेऊन जवळ बसलो आणि विचारले, "आत्या, तुला काय आवडतं गं?"

तिला प्रश्न कळला नाही. म्हणाली, "का रे, भाजी बेताची झालीय का?"

"नाही. तुला स्वतःला काय आवडतं, ते विचारतोय."

ती हसली आणि कामाला लागली. चार दिवसांनी मी परत निघालो. टांगा दाराशी उभा होता. मी सगळ्यांच्या पाया पडलो. आत्या दारापर्यंत आली आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "तांबडी जास्वंद. तू विचारलं होतंस ना. मला तांबडी जास्वंद फार आवडते."

मी टांगेवाल्याला थांबायला सांगितले, पेठेतल्या माळ्याकडे गेलो आणि एक रोप आणून परसात विहिरीच्या पाण्याजवळ लावले. मग गाडी चुकली. पुढे अकरा वर्षे आत्या त्या झाडाची फुले रोज सकाळी देवाला वाहत होती.

बाळापूरच्या जमादारांचे आभार मी त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी चार लोकांत मानले. काकूंना नमस्कार करायला वर्षातून एकदा जात असे. त्या शेतकऱ्याचे आभार मात्र नीट मानायचे राहून गेले. तीन दिवस कोठडीत बसून त्याने मला जे दिले ते मी माझ्या घरापर्यंत नेले, हे त्याला कधी सांगितले नाही. तो आता नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो.